आंतिग्वाच्या स्पॅनिश शाळा आणि पाहुण्यांची मुलं

ग्वाटेमालातल्या आंतिग्वा शहरात सकाळच्या वेळी एखाद्या स्पॅनिश शाळेच्या चौकात गेलं, तर बहुतेक ठिकाणी एकच मांडणी दिसते: छोटं टेबल, दोन खुर्च्या, एक शिक्षिका आणि एक परदेशी विद्यार्थी. शिकवणी दिवसाला चार-पाच तास, सोमवार ते शुक्रवार. नाव आठवड्यापुरतं नोंदवायचं, हवं तर पुढे वाढवायचं. राहायचं एखाद्या स्थानिक कुटुंबात, जिथे बहुधा रविवार वगळता तिन्ही वेळचं खाणं मिळतं. या गावाचा मोठा पोटापाण्याचा व्यवसाय या व्यवस्थेवर चालतो. अलीकडे तिच्याकडे मुलंबाळं घेऊन येणाऱ्या कुटुंबांचीही नजर वळली आहे. आई-वडील स्पॅनिश शिकतील, मुलंही शिकतील, सगळ्यांचा मिळून एक देश पाहून होईल, असा त्यांचा विचार असतो, आणि तो चांगलाच आहे. पण अशी कुटुंबं शाळा निवडताना एकच प्रश्न धरून बसतात: मुलांसाठी कोणती शाळा उत्तम? माझं म्हणणं असं की या व्यवसायाचा इतिहास नीट वाचला तर हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातोय हे कळतं. एकास एक शिकवणीची ही पद्धत मोठ्या माणसांनी, मोठ्या माणसांसाठी, अतिशय ठरावीक गरजांपोटी घडवली. मुलांची जागा तिच्यात कधी नव्हती. मुलं भाषा शिकली ती त्या टेबलापासून दूर, आणि कुटुंबाने शोध घ्यायला हवा तो त्या दूरच्या जागांचा.

परक्यांनी भाषा शिकायला यावं ही या गावची फार जुनी रीत आहे, मात्र सुरुवातीला शिकायची भाषा स्पॅनिश नव्हती. १५४३ मध्ये पांचोय खोऱ्यात हे शहर वसलं तेव्हा त्याचं नाव सांतियागो दे लोस काबायेरोस होतं. १७७३ च्या भूकंपाने ते मोडलं आणि पुढे राजधानी हलवली गेली, तोवर मध्य अमेरिकेतल्या स्पॅनिश सत्तेचं हे मुख्य ठाणं होतं. इथला पहिला बिशप फ्रान्सिस्को मारोकीन स्वतः माया भाषा शिकला. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन साधूंनी काक्चिकेल, किचे, त्सुतुहिल या भाषांची व्याकरणं आणि शब्दसंग्रह तयार केले, कारण त्या कळल्याशिवाय प्रवचन देता येत नव्हतं. १६७६ मध्ये स्थापन झालेल्या सान कार्लोस विद्यापीठात काक्चिकेलचं अध्यासनही होतं. गोव्यात जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स मराठी-कोंकणीत शिरला आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, त्याच सुमाराला पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूला त्याचे समकालीन काक्चिकेल क्रियापदांची रूपं लिहून काढत होते. या सगळ्यामागे सत्ता होती, धर्मांतराचा आग्रह होता, हे झाकण्यात अर्थ नाही. १७७० मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने तर सगळ्या स्थानिक भाषा संपवून एकटी स्पॅनिश चालवण्याचं फर्मानच काढलं. तरी यातून एक गोष्ट पक्की होते. भाषा शिकवणं हे या खोऱ्यात पहिल्यापासून कामाशी जोडलेलं होतं, आणि शिकणारा माणूस मनात काही ठरवून आलेला प्रौढ होता.

विसाव्या शतकात स्पॅनिश शिकवण्याचा धंदा उभा राहिला तोही मिशनऱ्यांच्याच वाटेने. १९६१ मध्ये व्हॅटिकनने उत्तर अमेरिकेतल्या धर्मसंस्थांना सांगितलं की आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा दहा वर्षांत लॅटिन अमेरिकेत पाठवा. हजारो पाद्री आणि जोगिणी निघणार, आणि त्यातल्या बहुतेकांना स्पॅनिश येत नव्हतं. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या कुएर्नावाकात पाद्री आणि विचारवंत इव्हान इलिचने त्यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. त्यातूनच पुढे सिडॉक ही संस्था झाली. इलिचचा या मिशनरी लाटेलाच विरोध होता. आलेल्यांना भाषा शिकवता शिकवता, आपण इथे का आलो हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा करायचा, हा त्याचा उघड हेतू होता, आणि १९६७ मध्ये लेख लिहून त्याने तो जाहीरही केला. पुढे त्याच केंद्रात शाळा नावाच्या संस्थेविरुद्धचे त्याचे विचार आकाराला आले आणि १९७१ मध्ये ते पुस्तकरूपाने जगभर गेले. हे सगळं वैचारिक काम ज्या पैशावर चाललं तो मुख्यतः स्पॅनिशच्या वर्गांतून येत होता. १९७६ मध्ये सिडॉक बंद झाली तरी कुएर्नावाकाचं स्पॅनिश शिकवणं थांबलं नाही. छोटे गट, दिवसाचे अनेक तास घोकून बोलणं, संध्याकाळी मेक्सिकन घरात जेवण, हा साचा शहरात रुजला होता, आणि वेगवेगळ्या शाळांनी तो पुढे चालू ठेवला.

इलिचच्या त्या पुस्तकातला एक प्रसंग माझ्या मुद्द्यासाठी फार मोलाचा आहे. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मप्रांतातल्या शेकडो शिक्षकांना, समाजसेवकांना आणि पाद्र्यांना पोर्तो रिकोच्या लोकांशी बोलण्यापुरतं स्पॅनिश लवकर शिकवायचं होतं. स्पॅनिश रेडिओवरून हाक दिली गेली. दुसऱ्या दिवशी हार्लेममधली सुमारे दोनशे किशोरवयीन मुलं-मुली रांगेत उभी राहिली. त्यातली चार डझन निवडली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शाळा अर्ध्यात सोडलेली होती. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषा-संस्थेचं पाठ्यपुस्तक कसं वापरायचं ते त्यांना दाखवलं. आठवड्याभरात प्रत्येक जण चार-चार मोठ्या माणसांना शिकवू लागला आणि सहा महिन्यांत काम झालं. शिकवायला पदवी लागत नाही, हे सांगण्यासाठी इलिच हा प्रसंग मांडतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ही पद्धत चालली ती शिकणाऱ्याच्या बळावर. उद्या कुणाच्या दारी जाऊन बोलायचंय हे त्याला ठाऊक होतं, तेच वाक्य पन्नासदा म्हणण्याची त्याची तयारी होती, चूक दुरुस्त करून घ्यायला तो लाजत नव्हता. शिकवणारं किशोरवयीन असलं तरी चालत होतं, शिकणारा मात्र प्रौढच हवा होता. आंतिग्वातलं टेबलही याच भरवशावर उभं आहे. समोरच्या माणसाने चार तास खुर्चीत बसून नेटाने बोलत राहायचं, शिक्षिकेने ऐकायचं, अडवायचं, पुढे न्यायचं. आठ वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

आंतिग्वातली सुरुवातीची महत्त्वाची शाळा म्हणजे त्या भाषा शिकलेल्या बिशपच्याच नावाने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मारोकीन. तिचं मूळ काम माया भाषांचं होतं. टेरेन्स कॉफमन, नोरा इंग्लंड यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी तिथे माया तरुणांना आपल्याच भाषांची वर्णनं करायला शिकवलं. शब्दकोश, व्याकरणं, लिपीचे प्रस्ताव निघाले. १९८६ मध्ये माया भाषांची अकादमी स्थापन झाली आणि १९८७ मध्ये एकसमान वर्णमाला ठरली, त्यामागे या पिढीचे कष्ट आहेत. या कामाला लागणारा पैसा उभा करण्याचा एक मार्ग म्हणजे परदेशी माणसांना स्पॅनिश शिकवणं. शाळा उभी करण्यात हातभार लावणाऱ्यांत अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या योजनेचे माजी स्वयंसेवक होते, आणि रॉबर्ट गेर्सोनीही होता. तो व्हिएतनामहून परतलेला, हायस्कूल अर्ध्यावर सोडलेला अमेरिकन. पुढे मोझांबिक आणि रुवांडातल्या निर्वासितांच्या मुलाखती घेऊन त्याने केलेले अहवाल गाजले. एका माणसासमोर तासन्‌तास बसून त्याला बोलतं करायचं, हे त्या अहवालांचं तंत्र आणि आंतिग्वाच्या टेबलाचं तंत्र मला एकाच जातीचं वाटतं.

४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात ग्वाटेमालात सुमारे २३ हजार माणसं मेली. मदतसंस्था आल्या, आणि त्यांच्या लोकांना स्पॅनिश लागत होतं. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यादवी युद्धाची सर्वांत भयानक वर्षं आली आणि पर्यटक आटले. १९६० ते १९९६ या काळात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली वा बेपत्ता झाली, असं सत्यशोधन आयोगाने नोंदवलं आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्या काळात आणि त्यानंतर येणाऱ्यांत मानवी हक्कांसाठी काम करणारे बरेच होते. १९८८ मध्ये केत्साल्तेनांगो शहरात, ज्याला लोक शेला म्हणतात, सामूहिक मालकीची एक शाळा निघाली. ती भाषेबरोबर देशाच्या राजकारणाचीही ओळख करून देत असे. १९९६ च्या शांतता करारानंतर मात्र पाठीवर पिशवी घेतलेले तरुण प्रवासी मोठ्या संख्येने आले आणि शाळा भराभर वाढल्या. म्हणजे ग्राहक बदलत गेला: पाद्री, स्वयंसेवक, मदतकार्यकर्ता, कार्यकर्ता, प्रवासी. टेबल तेच राहिलं, आणि ते तसंच राहू शकलं याचं कारण ग्राहक कितीही बदलला तरी तो प्रौढच होता.

मग मुलं कुठे होती? मिशनरी कुटुंबांसोबत मुलं असायचीच. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांसाठी १९४२ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये एक स्पॅनिश संस्था निघाली आणि १९५० मध्ये ती कोस्टा रिकातल्या सान होसेला गेली. तिथे जोडपी आपल्या मुलांसह दीर्घकाळ राहून शिकत. पण भाषेचा अभ्यास आई-वडिलांचा. मुलांसाठी वेगळी सोय, लहानग्यांना पाळणाघर आणि मोठ्यांना इंग्रजी शिक्षण. आपल्याकडेही हेच घडलं. मसुरीजवळच्या लंढोरमध्ये मिशनरी हिंदी शिकत आणि त्यांची मुलं शेजारच्या वुडस्टॉकमध्ये इंग्रजीत. दक्षिणेत १९०१ मध्ये कोडाईकनालची शाळा निघाली तीही अमेरिकी मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच. म्हणजे परक्या देशात भाषा शिकवण्याची ही सगळी परंपरा घराची फाळणी करून चालली: भाषा मोठ्यांना, शाळा मुलांना. आणि तरीही या मुलांपैकी अनेक जण आई-वडिलांपेक्षा सफाईने स्थानिक भाषा बोलू लागले. ही भाषा त्यांना स्वयंपाकघरातून, माळ्याच्या मुलांकडून, बाजारातून मिळाली. त्यांच्या शिकण्याची नोंद कुठल्याच शाळेच्या दफ्तरात नाही, कारण कुठल्याच शाळेने त्यांना शिकवलं नव्हतं.

मुलांना परभाषेत बुडवून शिकवण्याचा प्रयोग जिथे विचारपूर्वक झाला ती जागा वेगळीच आहे. १९६५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, सेंट लॅम्बर्ट या उपनगरात, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहाने बालवर्ग पूर्णपणे फ्रेंचमध्ये सुरू झाला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीने तोच नमुना स्पॅनिशसाठी घेतला. या वर्गांचं यश खरं आहे. पण ते कशावर उभं होतं ते पाहा. वर्गातली सगळी मुलं भाषेत सारखीच नवखी, त्यामुळे कुणी एकटं पडत नाही. शिक्षिकेला मुलांची घरची भाषा कळते. आणि हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. आंतिग्वात महिनाभरासाठी आलेल्या मुलाच्या वाट्याला यातलं एकही येत नाही. तरीही आज परदेशातल्या शाळा कॅनडा-कॅलिफोर्नियातल्या निकालांचं श्रेय नकळत आपल्या टेबलाला चिकटवून घेतात, आणि पालक ते मान्य करतात. मला ही या विषयातली सर्वांत मोठी गफलत वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुलं कुठेही ठेवा, भाषा आपोआप उचलतात, मग एवढा विचार कशाला? भाषा सहज शिकण्याचा काळ ठरावीक वयापर्यंतच असतो, या एरिक लेनेबर्गने १९६७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने ही समजूत आणखी घट्ट केली. पण १९७८ मध्ये कॅथरिन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-हौले यांनी नेदरलंड्समध्ये आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकले ते बारा ते पंधरा वर्षांचे मुलगे-मुली आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची बालकं सर्वांत मागे होती. लहानांचं बळ लांब पल्ल्यात दिसतं, वर्षांच्या हिशेबात. लिली वाँग फिलमोरने १९७६ च्या आपल्या प्रबंधासाठी कॅलिफोर्नियातल्या पाच स्पॅनिशभाषक मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रत्येकाला एक इंग्रजी बोलणारा सवंगडी होता. वर्षभरात त्यांच्यात प्रचंड फरक पडला. ज्या मुलीला इंग्रजी मुलांमध्ये मिसळायची सर्वांत जास्त ओढ होती ती सर्वांच्या पुढे गेली. म्हणजे भाषा आपोआप येत नाही. मुलाला ती ज्याच्याशी खेळायचंय त्याच्यासाठी येते. शाळेच्या माहितीपत्रकात हा सवंगडी सापडत नाही, तो सापडतो ज्या घरात राहणार त्या घरात किंवा त्या गल्लीत. म्हणून आंतिग्वाच्या व्यवस्थेतली मुलांसाठीची मौल्यवान बाजू टेबलाची नाही, तिन्ही जेवणं देणाऱ्या घराची आहे. त्या घरात साधारण त्याच वयाची मुलं आहेत का, दुपारी ती घरी असतात का, ती पाहुण्यांच्या वर्दळीला कंटाळलेली आहेत की त्यांना खेळायला कुणी हवंय, हे विचारायला कुणी धजावत नाही. शाळेच्या शिक्षकांच्या पात्रतेबद्दल मात्र सगळेच विचारतात.

दुसरा आक्षेप याच धाग्याने येतो: असं असेल तर मुलांना सरळ स्थानिक प्राथमिक शाळेत घाला. मुक्काम लांब असेल तर मीही हाच मार्ग सांगेन, पण डोळे उघडे ठेवून. ग्वाटेमालातल्या शाळांनी माया मुलांच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं. घरची भाषा दारात सोडायला लावून त्यांना स्पॅनिशच्या वर्गात बसवलं. सरकारचं धोरणच माया समाजाला स्पॅनिशभाषक करण्याचं होतं, आणि कित्येक मुलं त्या वर्गांत गप्प बसून, नापास होऊन बाहेर पडली. द्विभाषिक शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८४ मध्ये आला आणि त्यासाठी स्वतंत्र संचालनालय १९९५ मध्ये. पाहुण्यांचं मूल आणि काक्चिकेल मूल एकाच बाकावर, एकाच अनोळखी भाषेत बसलेलं असू शकतं. पण पहिल्याची भाषा जगभर मानाची आहे आणि काही महिन्यांनी ते घरी परतणार आहे, दुसऱ्याला त्या बाकावर आपली भाषा हरवायला सांगितलं गेलं. हा फरक आई-वडिलांनी ओळखला पाहिजे. आपलं मूल पहिल्या आठवड्यात गप्प बसलं तर ते शिकत नाही असं नाही, पण त्या गप्प बसण्याला जो आधार लागतो तो सगळ्यांना सारखा मिळालेला नाही, हे त्यांना कळायला हवं.

शाळांच्या बाजूनेही एक उत्तर येतं: आम्ही मुलांसाठी पद्धत बदलली आहे, खेळ आहेत, चित्रं आहेत, स्वयंपाक आहे, बाजारात फेरी आहे. यातलं पुष्कळ प्रामाणिक आहे आणि काही शिक्षिका त्यात निष्णात आहेत. पण यातलं जे मुलांना खरंच उपयोगी पडतं, ते टेबल सोडून उठण्यातूनच येतं. बाजारात टोमॅटो मोजून घेणं, टॉर्टिया थापायला शिकणं हे घराचं आणि गल्लीचं काम आहे, शाळा फक्त सोबत देते. मुलासाठी शाळा घ्यायचीच असेल तर दिवसाचा एखादा तास, आणि तोही त्याच शिक्षिकेबरोबर रोज. रोज नव्या माणसाशी ओळख करायला लावलं तर मुलाची सगळी शक्ती त्यातच जाते.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. एका माणसाला दिवसभर एकटी शिक्षिका परवडते, कारण दोन देशांतल्या मजुरीत फार मोठी तफावत आहे. तिन्ही जेवणांचे पैसे घराला मिळतात तेही कमीच. मग या व्यवहारात मुलांना आणणं म्हणजे दुसऱ्या घरातल्या बाईच्या अंगावर आणखी काम टाकणं नाही का? आहे. मारोकीनच्या नावाच्या संस्थेने याच पैशातून माया भाषांचं काम उभं केलं, शेलातल्या शाळेने मालकीच सामूहिक ठेवली, ही उदाहरणं दाखवतात की तफावतीच्या व्यवहारातूनही न्याय्य काही घडवता येतं, पण ते कुणीतरी ठरवून घडवावं लागतं. कुटुंबाच्या हातात एवढं नक्की आहे: घराला शाळेमार्फत नेमकं किती मिळतं हे विचारायचं, मुलांमुळे वाढणाऱ्या कामाचे पैसे वेगळे द्यायचे, आणि सोयीच्या नावाखाली घरच्या मुलीला फुकट आया करायचं नाही. ज्या शाळा हे प्रश्न ऐकून उत्तर देतात त्या मी निवडेन. ज्या टाळतात त्यांचं अभ्यासक्रमाचं पुस्तक कितीही सुबक असलं तरी त्यांना नाही.

राहिला मुक्कामाच्या लांबीचा प्रश्न. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या जुन्या अनुभवानुसार प्रौढ इंग्रजीभाषकाला स्पॅनिशमध्ये कामापुरतं सफाईदार होण्यासाठी सहाशे-सातशे तास शिकवणी लागते. दिवसाला चार तास धरले तर आठवड्याला वीस, म्हणजे तीस-पस्तीस आठवडे. दोन-तीन आठवड्यांत मोठा माणूस पायाभूत बोलण्यापर्यंत पोचतो, आणि हे काही थोडं नाही. तेवढ्याच वेळात पाच वर्षांचं मूल बहुधा ऐकत राहील, चार-दोन शब्द उचलेल. म्हणून थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने मुलांच्या नावाने शाळा निवडू नये. आई-वडिलांसाठी चांगली शाळा निवडावी, मुलांसाठी चांगलं घर निवडावं, आणि मुलं किती स्पॅनिश शिकली याचा हिशेब परतताना मागू नये. सहा महिने किंवा वर्षभर राहणार असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्थानिक शाळा, एकच घर, एकच गल्ली, आणि शक्यतो आंतिग्वाच्या मधल्या चौकापासून थोडं लांब, कारण शहराच्या मध्यात परदेशी माणसंच इतकी आहेत की मुलांना इंग्रजीत खेळायला पुरेसे सवंगडी मिळतात. जवळच्या सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेससारख्या काक्चिकेल गावात राहिलं तर आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर पडेल. अमेरिकी मिशनरी कॅमरन टाउनसेंडने १९१७ नंतर जिथे काक्चिकेल शिकून बायबलचं भाषांतर सुरू केलं ते हेच गाव. तिथल्या काही घरांत आजी अजूनही नातवंडांशी स्पॅनिशआधीच्या भाषेत बोलते, आणि ती भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांकडेही कुटुंबाला एखादा तास राखून ठेवता येतो.